रत्नागिरीतली जुनी घरं आणि संग्रहालयं पाहताना या चुका टाळा

‘आत काही नाहीये हो.’ टिळक आळीतल्या लोकमान्यांच्या जन्मघरातून बाहेर पडणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते बोलायच्या आधीच चेहऱ्यावर दिसतं. लांबून आलेली माणसं असतात. रात्रभर गाडीत बसलेली, सकाळी मिसळ खाऊन निघालेली. आठ-दहा मिनिटांत घर बघून होतं, अंगणात एक फोटो होतो आणि गाडी आरे-वारेच्या रस्त्याला लागते. मी रत्नागिरीचा. घरी आलेल्या पाहुण्यांना शहर दाखवायचं काम गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. त्यात मी स्वतः केलेल्या आणि इतरांना करताना पाहिलेल्या चुका इथे लिहितोय. काही वेळापत्रकाच्या आहेत, त्या सहज टळतात. काही बघण्याच्या आहेत आणि त्यांनीच जास्त नुकसान होतं.

सोमवार

ही चूक आधी सांगतो, कारण ती सुधारायला सवडच मिळत नाही. थिबा राजवाडा, म्हणजे इंग्रजांनी इथे कैदेत ठेवलेल्या ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा वाडा, आणि त्यातलं प्रादेशिक वस्तुसंग्रहालय सोमवारी बंद असतं. राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडची बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंदच असतात. शनिवार-रविवार गणपतीपुळ्याला काढून ‘परतताना रत्नागिरी करू’ असं ठरवणारे नेमके सोमवारी राजवाड्याच्या फाटकाशी उभे असतात. उलटं करा. आधी रत्नागिरी, मग समुद्र. समुद्राला साप्ताहिक सुट्टी नसते.

सोमवारीच आला असाल तर दिवस वाया गेला असं समजू नका. शिवाजीनगर भागातली थिबाची समाधी आणि पतितपावन मंदिर पाहा, आणि टिळक आळीतून पायी फिरा. राजवाड्यासाठी मंगळवारची सकाळ ठेवा. दुपारी बारानंतर जाऊ नका. जेवणाची वेळ, उकाडा आणि वर तापलेलं छप्पर, यात कुणाचं लक्ष लागत नाही.

तीन ‘थिबा’ एकच समजणं

रिक्षात बसून नुसतं ‘थिबा’ म्हणालात तर कुठे उतराल याचा नेम नाही. थिबा राजवाडा वेगळा, थिबा पॉइंट वेगळा आणि थिबाची समाधी वेगळी. पॉइंटवरून भाट्याची खाडी, पूल आणि पलीकडचा समुद्र फार सुंदर दिसतो. तिथे संध्याकाळ घालवून ‘थिबा पाहिला’ असं सांगणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांनी खाडी पाहिली. राजा राहिला तो राजवाड्यात, आणि पुरला गेला समाधीत.

टिळकांच्या बाबतीतही हाच गोंधळ होतो. रत्नागिरीतलं घर हे जन्मस्थान, 23 जुलै 1856 चं. टिळकांचं मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. कोकणात अशा जोड्या बऱ्याच आहेत. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म महूचा, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. गोपाळ कृष्ण गोखले जन्मले गुहागर तालुक्यातल्या कोतळुकला. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, साने गुरुजी पालगडचे. निघायच्या आधी एवढंच विचारून घ्या की आपण जातोय ते जन्मघर आहे, मूळ गाव आहे की नंतर बांधलेलं स्मारक. तिन्ही ठिकाणी पाहण्यासारखं असतं, पण अपेक्षा वेगळी ठेवावी लागते. स्मारकात जाऊन ‘त्यांचा पाळणा कुठला?’ असं विचारणाऱ्या माणसाची निराशा ठरलेली.

घरात वस्तू शोधत फिरणं

आता त्या ‘काही नाहीये’कडे वळतो. या लेखातली सगळ्यात मोठी चूक हीच.

संग्रहालय म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काचेची कपाटं येतात: तलवार, पगडी, चष्मा, दौत. जन्मघरात ते शोधू लागलात तर भिंतीवरची चित्रं आणि मजकूर संपला की भेट संपते. पण इथे पाहायची वस्तू म्हणजे ते घरच.

लहानपणी आजीबरोबर मी टिळकांच्या घरी पहिल्यांदा गेलो. आम्ही मुलं फोटोंखालचा मजकूर वाचण्यात दंग, आणि आजी भिंतीच्या चिऱ्यावर हात ठेवून उभी. मग तिने सांगायला सुरुवात केली. पाहुणा कुठवर येतो, कुठे बसतो, कुठून पुढे येत नाही. बायका कुठल्या दाराने वावरतात. बाळंतिणीची खोली अंधारी आणि उबेची का असते. ती टिळकांबद्दल एक शब्द बोलली नाही. घराबद्दलच बोलत होती. पण एका शिक्षकाच्या घरी, भर पावसाळ्यात, आषाढात मूल जन्मलं म्हणजे त्या घरात काय काय चाललं असेल, हे मला त्या दिवशी कळलं. ते कुठल्याही फलकावर लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा आत शिरण्याआधी अंगणात उभं राहून छपराकडे बघा. कोकणच्या घराचं छप्पर उतरतं आणि पागोळ्या माणसाच्या डोक्याजवळ येतील इतक्या खाली असतात. इथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस भिंतीला लागू नये म्हणून छप्पर खाली ओढलेलं असतं. म्हणूनच माजघरात दिवसाही अंधार असतो. पाहुणे म्हणतात, ‘लाइट लावा ना.’ थोडा वेळ लावू नका. डोळे सरावू द्या. त्या अंधारात गारवा आहे, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तो गारवाच त्या घराचं मोठं सुख होतं.

मग भिंत. तांबडा, भोकाभोकांचा दगड दिसतो तो जांभा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, त्याचे चिरे पाडता येतात, आणि वारा-ऊन लागलं की तो घट्ट होत जातो. टिळकांच्या घरापासून थिबाच्या राजवाड्यापर्यंत, विहिरीपासून गडग्यापर्यंत (आवाराच्या दगडी बांधापर्यंत) इथे सगळीकडे जांभाच आहे. शिक्षकाचं भाड्याचं घर आणि राजाचा तुरुंग एकाच दगडाचे, हे माझ्या मनातून जात नाही.

कौलांबद्दल एक युक्ती सांगतो. चपटी, खाचेत खाच बसणारी कौलं दिसली तर ती मंगळुरी. बासेल मिशनने मंगळूरला अशा कौलांचा कारखाना काढला तो 1860 च्या दशकात. म्हणजे त्याआधीच्या कुठल्याही कोकणी घरावर आज मंगळुरी कौलं असतील तर ती नंतर चढवलेली. आधी नळीची कौलं असतील, नाहीतर गवत किंवा माडाची विणलेली झापं. ‘हे घर जसंच्या तसं आहे का?’ असं विचारायची आपल्याला सवय असते. जसंच्या तसं कोकणात काही टिकत नाही. दर पावसाळ्याआधी शाकारणी, म्हणजे छपराची डागडुजी, करणारी माणसं आहोत आम्ही. काय बदललं आणि का, हे विचारलंत तर घर जास्त बोलतं.

ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, न्हाणी, परसू या क्रमाने चाला. मुलं बरोबर असतील तर त्यांना एक काम द्या: पाणी या घरात कुठून येत होतं आणि कुठून बाहेर जात होतं ते शोधा. माझ्या भाच्यांनी याच कामात एका घरात पाऊण तास काढला.

राजवाड्यात मुकुट शोधणं

थिबा राजवाड्यात गेलेल्यांची निराशा आणखी मोठी, कारण नावातच राजवाडा आहे. सिंहासन कुठे, दागिने कुठे? ते इथे नसणारच. 1885 मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशची राजधानी मंडाले घेतली तेव्हा राजाला बैलगाडीतून बोटीवर नेलं आणि राजचिन्हं लंडनला गेली. बरीच वर्षं ती तिथल्या संग्रहालयात होती आणि 1964 मध्ये ब्रह्मदेशाला परत मिळाली. राजाने बरोबर आणलेलं जडजवाहीर इथे राहताना विकलं गेलं. रिकाम्या दालनांची ही खरी गोष्ट आहे. ती माहीत नसेल तर दालन नुसतं रिकामं वाटतं.

दुसरी गफलत काळाची. लोकांना वाटतं, राजा आयुष्यभर या वाड्यात राहिला. थिबा रत्नागिरीत आला 1886 मध्ये. पहिली चोवीस वर्षं तो भाड्याच्या बंगल्यांत राहिला. वाडा तयार झाला आणि तो राहायला गेला 1910 च्या अखेरीला. डिसेंबर 1916 मध्ये वारला. म्हणजे हा वाडा त्याला मिळाला जेमतेम सहा वर्षं. वरच्या मजल्यावर नक्षीदार लाकडाच्या अर्धवर्तुळाकार खिडक्या आहेत. तिथे उभं राहून हा हिशेब मनात करा. विशीत गादीवर बसलेला आणि सत्ताविसाव्या वर्षी इथे आणून ठेवलेला माणूस पन्नाशी ओलांडून या खिडकीशी आला.

आणि रत्नागिरीच का? पावसाळ्यात बंदर बंद, घाट अवघड, रेल्वे नाही. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला 1998 उजाडलं. नजरेआड ठेवायच्या माणसाला यापेक्षा सोयीचं गाव कुठलं?

समाधी चुकवू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. बहुतेक जण ती चुकवतात. साधी दगडी बांधणी, आजूबाजूला वस्ती. तिथे राजाचे आणि धाकट्या राणीचे अवशेष आहेत. राणी सुपायालत 1919 मध्ये ब्रह्मदेशात परत गेली, राजाला मात्र जाता आलं नाही. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. थोरल्या राजकन्येने मात्र रत्नागिरीलाच आपलं मानलं. तिची मुलगी टूटू इथेच वाढली, इथेच संसार केला, आणि आपल्यासारखीच मराठी बोलत होती. ब्रह्मदेशच्या राजाची नात आमच्या बाजारात मासळीचा भाव करत होती, हे जुन्या लोकांच्या तोंडून ऐकताना मला दरवेळी भरून येतं.

घरं सुटी सुटी पाहणं

मला सर्वांत जास्त सांगायचंय ते हे. टिळकांचं घर एका दिवशी, राजवाडा दुसऱ्या दिवशी, मध्ये लाइटहाउस आणि आंबापोळी. असं केलं की दोन्ही ठिकाणं मुकी होतात.

1908 मध्ये टिळकांना शिक्षा झाली आणि त्यांना नेलं मंडालेला. 1914 पर्यंत ते तिथे होते. रत्नागिरीत जन्मलेला माणूस मंडालेत कैदी, आणि मंडालेचा राजा त्याच वेळी रत्नागिरीत कैदी. 1910 च्या ज्या हिवाळ्यात थिबा नव्या वाड्यात राहायला गेला, त्याच हिवाळ्यात टिळक मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहीत होते. दिल्लीच्या बहादुरशहा जफरला तर त्याआधीच रंगूनला धाडलेलं होतं, तो 1862 मध्ये तिथेच वारला. समुद्राच्या एका बाजूची माणसं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवायची, ही साम्राज्याची रीतच होती.

म्हणून क्रम असा ठेवा: सकाळी लवकर टिळक आळी, तिथून सरळ राजवाडा, उन्हं उतरल्यावर समाधी. आणि जमलं तर शेवटी पतितपावन मंदिर. सावरकर 1924 ते 1937 याच जिल्ह्यात स्थानबद्ध होते. सर्व जातींना प्रवेश असलेलं हे मंदिर भागोजीशेठ कीरांनी बांधलं आणि ते 1931 मध्ये खुलं झालं. स्थानबद्धतेचं गाव म्हणून रत्नागिरीकडे पाहिलंत की ही चारही ठिकाणं एका धाग्यात येतात. सावरकरांना ज्या कोठडीत ठेवलं ती रत्नागिरीच्या कारागृहात आहे. पण ते आजही चालू कारागृह आहे. मोबाइल हातात घेऊन थेट फाटकाशी जाऊ नका. ओळखपत्र बरोबर ठेवा, आधी विचारा, आणि नाही म्हटलं तर वाद घालू नका.

ज्यांचं घर, त्यांना विसरणं

सावंतवाडीच्या राजवाड्यात दरबार हॉलमध्ये गंजिफा, म्हणजे जुने गोल खेळायचे पत्ते, रंगवणारे कलाकार बसलेले दिसतात. पाहुणे त्यांच्या हाताजवळ मोबाइल नेतात, चित्र काढतात आणि पुढे जातात. दोन मिनिटं खाली बसा. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, अशी एकशेवीस पानं असतात. मरायला टेकलेली ही कला शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी आपल्या वाड्यात माणसं बसवून जगवली. एखादं पान विकत घेणं हेही तिथे पाहण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

मुरूडच्या नवाबाचा राजवाडा खाजगी आहे. रस्त्यावरून दिसतो तेवढाच पाहायचा. रखवालदाराला पैसे देऊन आत जायचा प्रयत्न करणाऱ्यांचा मला राग येतो. कुणी आपल्या गावच्या घरात असं घुसलं तर चालेल का?

जन्मघरांच्या शेजारीही माणसं राहतात. त्यांच्या पडवीत बूट घालून चढू नका, त्यांच्या गडग्याला गाडी टेकवू नका. विचारून गेलात तर पाणी मिळेल, आणि पाण्याबरोबर कुठल्याच पुस्तकात नसलेली एखादी गोष्टही.

पाऊस आणि पाणी

पावसाळ्यात जुनी घरं फार सुंदर दिसतात आणि तेवढीच घसरडी होतात. जांभ्याच्या पायऱ्या आणि पाखाड्या (उतारावरच्या दगडी पायवाटा) शेवाळाने बुळबुळीत होतात. रबरी तळ झिजलेली चप्पल नको. ओली छत्री बाहेरच ठेवा. आतला जुना कागद आणि लाकूड दमटपणानेच मरतं. त्याच कारणाने ओल्या हाताने भिंतीला, चित्राला हात लावू नका. उंबरे उंच आणि जिने उभे असतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना खालचा भाग निवांत दाखवा, वर न्यायचा आग्रह धरू नका.

अलिबागला कान्होजी आंग्र्यांच्या समाधीनंतर कुलाबा किल्ल्यात चालत जाणार असाल तर ओहोटी पाहावी लागते. आमच्याकडे ढोबळ हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. पण लोक एक गोष्ट विसरतात. अष्टमीच्या आसपास भांगाची ओहोटी असते, पाणी फारसं मागे जात नाही. पौर्णिमा-अमावास्येजवळ उधाणाची ओहोटी खूप आत जाते आणि ती पहाटे नाहीतर संध्याकाळी येते. हिशेब करा, आणि तरीही पाण्यात पाय घालण्यापूर्वी तिथल्या कोळ्याला विचारा.

चिपळूणला लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात गेलात तर पुराच्या पाण्याची पातळी कुठवर आली होती ते नक्की विचारा. 1864 मध्ये स्थापन झालेलं हे वाचनालय 2005 आणि 2021 च्या दोन्ही महापुरांत बुडालं. तिथलं प्रत्येक जुनं पुस्तक वाचवलेलं पुस्तक आहे.

‘गणपतीपुळ्याला जाऊन मालगुंड राहिलं’

थोडक्यात सांगतो. केशवसुतांचं जन्मगाव मालगुंड पुळ्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर आहे. घर लहान, आवारात कवितांच्या ओळी लावलेल्या. तिथे मनातल्या मनात वाचू नका, एक तरी कविता मोठ्याने म्हणा. पुळ्यातलंच ‘प्राचीन कोकण’ हे उघड्यावरचं संग्रहालय मुलांसाठी चांगलं आहे. बारा बलुतेदारांची कामं पुतळ्यांतून समजतात. फक्त माहिती सांगणाऱ्याच्या पुढे पळू नका.

घरी परतल्यावर होणारी चूक

संग्रहालयात जातं, व्हायन (दगडी उखळ), समई, मोडी कागद पाहून ‘अय्या, हे आमच्याकडे पण होतं’ असं म्हणतात लोक. होतं. आता कुठे आहे?

आमच्या गावच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत मोडी कागदांची एक चळत होती. मी कॉलेजात असताना गणपतीच्या आधी साफसफाई निघाली. कुणालाच वाचता येत नव्हते, कसर लागली होती, म्हणून ते बंबात गेले. मीच घातले. पाणी चांगलं तापलं होतं. पुढे मोडी शिकलो तेव्हा काय जाळलं असेल या विचाराने मला कित्येक रात्री झोप लागली नाही.

तुमच्याकडे असे कागद असतील तर ऊन दाखवायच्या नावाखाली कडक उन्हात टाकू नका, सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. कोरड्या सुती कापडात सैल बांधा, प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा, आणि मोडी वाचणारा गाठा. राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. तिथून तयार झालेली माणसं आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. भांडी-अवजारं संग्रहालयाला देणार असाल तर नुसती वस्तू देऊ नका. कुणाची, कुठल्या गावची, कशासाठी वापरली, घरात तिला काय म्हणत, हे चार ओळींत लिहून बरोबर द्या. आजी असेल तर आजच विचारून लिहा.

आमच्या ट्रंकेतला एकच कागद राहिला, तळाला चिकटलेला. एका भाताच्या देण्याघेण्याची पावती आहे. किती मण, कुणाला, आणि खाली अंगठा. तो मी आता वाचू शकतो.